पाड्यावर जाण्याआधी पाड्याला विचारा: मुंबईतील जंगल-सहलींच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, आरे आणि येऊर परिसरात ‘जंगल आणि आदिवासी संस्कृती’ दाखवणाऱ्या एक दिवसाच्या सहली काढणारे सर्व आयोजक आणि मार्गदर्शक,
मुंबई.

विषय: पाड्यावर जाण्याआधी घ्यायची संमती, आणि पाड्यावरच्या वाटाड्याचा मान व मोबदला.

सप्रेम नमस्कार.

मी गोरेगाव पूर्वेला राहते. मराठी माध्यमाच्या शाळेत तीस वर्षे जीवशास्त्र शिकवून काही वर्षांपूर्वी निवृत्त झाले. दर पावसाळ्यात मुलांना घेऊन बोरिवलीच्या जंगलात, म्हणजे याच उद्यानात, जाणे हा माझ्या नोकरीतला सर्वांत आनंदाचा भाग होता, त्यामुळे शहरातल्या लोकांना या जंगलाची ओळख करून देण्याचे आपले काम मला परके नाही, आणि ते बंद पडावे अशी माझी मुळीच इच्छा नाही. गेल्या नोव्हेंबरमध्ये मी आपल्यापैकीच एका आयोजकाच्या सहलीला माझी बहीण आणि तिच्या दोन नातवंडांना घेऊन गेले होते. त्या आयोजकाचे नाव मी इथे घेत नाही. तिथे जे पाहिले ते मी ओळखीच्या चार-पाच जणांना सांगितले, तेव्हा प्रत्येकाने आपापल्या सहलीत थोडेफार तेच पाहिल्याचे सांगितले. म्हणून हे पत्र एकाला न लिहिता आपणा सर्वांना लिहीत आहे.

सकाळी साडेसहाला उद्यानाच्या दरवाजाशी आम्ही चोवीस जण जमलो होतो. आधी जंगलातली पायवाट, मग कान्हेरीची लेणी, जेवण आणि शेवटी ‘आदिवासी पाडा भेट’ असा कार्यक्रम होता. पाड्यावर पोहोचलो तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले असतील. मार्गदर्शक एका घरासमोर उभा राहिला आणि आतल्या आजीला हाक मारून म्हणाला, “आजी, जरा बाहेर या, पाहुणे आलेत.” आजींच्या चुलीवर तवा होता, हाताला तांदळाचे पीठ होते. त्यांनी तवा खाली उतरवला, लुगड्याला हात पुसले आणि त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. लगेच पाच-सहा फोन त्यांच्या चेहऱ्यासमोर आले. कोणी त्यांचे नाव विचारले नाही. मार्गदर्शकाने दाराचा पडदा हाताने बाजूला केला आणि “हे लोक अजूनही असेच राहतात, बघा, आत कुडाची भिंत आहे,” असे म्हणत दोघा-तिघांना आत डोकावायला सांगितले.

आत एक मुलगी अभ्यासाला बसली होती. तिच्यापुढे नववीचे विज्ञानाचे पुस्तक उघडे होते. ते पुस्तक मी लांबूनही ओळखते, कारण त्यातली आकृती फळ्यावर काढण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. बाहेरच्या माणसांकडे तिने एकदा पाहिले, पुस्तक मिटले, वही त्यावर पालथी घातली आणि मागच्या दाराने ती निघून गेली. आम्ही तिथे होतो तोवर ती परत आली नाही. तिचा दुपारचा अभ्यास आम्ही पैसे भरून मोडला, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. शाळेत वर्गाच्या दारात उगाच कोणी येऊन उभे राहिले तर मी त्याला बाहेर घालवत असे. इथे दारात उभी राहणारी मीच होते.

त्यानंतर पाड्यातल्या काही जणांनी तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावरचा नाच केला. एका मुलाने मला सांगितले की त्या सबंध मंडळीला मिळून हजार रुपये मिळतात. आम्ही प्रत्येकी अठराशे रुपये भरले होते. बसचे भाडे, प्रवेशशुल्क, नाश्ता, जेवण आणि मार्गदर्शकाचे मानधन यांत बराच पैसा जातो हे मला समजते. एक दिवसाच्या सहलीत आयोजकाच्या हाती फार उरत नाही हेही मी मान्य करते. पण ज्या सहलीच्या नावातच ‘आदिवासी संस्कृती’ हे शब्द आहेत, त्या सहलीच्या एकूण जमेतून आदिवासींकडे चाळीस-पन्नास रुपये माणशी जात असतील, तर हा हिशेब पुन्हा मांडायला हवा.

पैशाहूनही मला जास्त खटकली ती बोलण्याची रीत. सकाळी मार्गदर्शक चितळांविषयी सांगत होता: हे कळपाने राहतात, हे पाने खातात, हे लाजाळू असतात. दुपारी पाड्यात त्याच सुरात तो माणसांविषयी सांगत होता: हे वारली आहेत, हे निसर्गाला देव मानतात, हे अजून कंदमुळे खातात. आणि हे सारे तो त्या माणसांसमोर सांगत होता, जणू त्यांना मराठी कळतच नाही. तो मुलगा वाईट नव्हता. पक्ष्यांची त्याला चांगली माहिती होती आणि मुलांशी तो प्रेमाने वागत होता. त्याला जे पाठ करून दिले होते तेच तो म्हणत होता, म्हणूनच मी त्याच्यावर न रागावता आपल्याला लिहीत आहे.

माझे सांगणे थोडक्यात असे आहे. या सहलीत जंगल आणि संस्कृती असे दोन भाग पाडून पाड्याला शेवटचा थांबा करण्यात मूळ चूक आहे. या जंगलाविषयी जे जाणणे शक्य आहे त्यातला मोठा वाटा पाड्यातल्या माणसांकडे आहे, आणि त्यांची संस्कृती म्हणजे बऱ्याच अंशी हे जाणणेच आहे. तेव्हा त्यांनी सकाळी साडेसहाला दरवाजाशी वाटाड्या म्हणून उभे राहायला हवे, आणि आपले घर कोणाला, कधी, किती दाखवायचे हे त्यांनीच ठरवायला हवे.

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये मी आरेतल्या एका पाड्यावरच्या बाईंबरोबर सकाळभर फिरले. त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी, त्यामुळे त्या मला ‘बाई’ म्हणतात आणि मी त्यांना ‘ताई’ म्हणते. पहिले दोन-तीन पाऊस नुकतेच होऊन गेले होते. झुडपाखाली ओल्या पाचोळ्यातून जांभळट तपकिरी रंगाचे, गुंडाळलेल्या पानासारखे काहीतरी वर आले होते. वनस्पतिशास्त्रात त्याला सुरणाच्या कुळातला फुलोरा म्हणतात, एवढे मला ठाऊक होते. ताईंनी ते मुळाशी हलकेच मोडून टोपलीत टाकले आणि म्हणाल्या, “ही शेवळं. पण नुसती शिजवाल तर घशात खाज उठेल. काकडं मिळाली तरच करायची.” मग दहा पावलांवर काकडाच्या झाडाखाली पडलेली हिरवी आंबट फळे त्यांनी वेचली. शेवळे कधी उगवतात, किती दिवस मिळतात, कोणते कंद पुढच्या वर्षासाठी सोडायचे, त्याच दिवसांत काकडाला फळ कसे येते, आणि दोन्ही एकत्र शिजवली की शेवळांची खाज कशी मरते, हे सगळे त्यांनी तीन-चार वाक्यांत सांगितले. मी हे पुस्तकातून शिकवायला घेतले असते तर तीन तास लागले असते, आणि मुलांच्या लक्षात राहिले असते की नाही याची खात्री नाही.

पुढे एका ओढ्याकाठी मी बुटाची नाडी बांधायला खाली बसले. ताई झटकन माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. “वाकून बसू नका बाई. माणूस बसला की वाघाला लहान दिसतो.” बिबट्याच्या परिसरात राहणाऱ्यांसाठी काढलेल्या माहितीपत्रकांमध्ये नेमका हाच सल्ला असतो: एकट्याने उघड्यावर बसू नये, लहान मुलांना अंधारात एकटे सोडू नये, घराभोवती कचरा साचू देऊ नये, कारण कचऱ्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. ताईंनी ते पत्रक वाचले असेल की नसेल, पण लहानपणापासून त्या तसेच वागत आल्या आहेत.

आपल्या सहलीच्या जाहिरातींवर बिबट्याचे मोठे चित्र असते म्हणून याविषयी थोडे सविस्तर लिहिते. हे उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे आणि २०१८ साली उद्यान व लगतच्या परिसरात कॅमेरा ट्रॅप (आपोआप फोटो टिपणारे कॅमेरे) लावून केलेल्या पाहणीत ४७ बिबट्यांची नोंद झाली होती. एवढ्या दाट वस्तीच्या शहराला टेकून एवढे बिबटे राहतात याचे जगभर नवल केले जाते. परंतु बिबट्या हा मुख्यतः रात्रीचा, लपून वावरणारा प्राणी आहे आणि दिवसाच्या सहलीत तो दिसण्याची शक्यता जवळजवळ नसते, हे आपल्याला माझ्याइतकेच ठाऊक आहे. तरी चित्र त्याचेच का? बहिणीचा धाकटा नातू दिवसभर “बिबट्या कधी येणार?” असे विचारत राहिला. त्याच्या डोक्यावरच्या फांदीवर धनेशाची जोडी बसली होती, वाटेवर तळहाताएवढ्या जायंट वुड स्पायडरचे सोनेरी जाळे उन्हात चमकत होते, आणि तो मात्र निराश होता. या जंगलात अडीचशेहून अधिक जातींचे पक्षी आहेत. नोव्हेंबरात फुलपाखरांची इतकी रेलचेल असते की पावलापावलावर थांबावे. जे नक्की दिसते त्याचे चित्र लावा, मुले घरी जाताना भरल्या मनाने जातील.

बिबट्याच्या या हव्यासातूनच काही जण आता संध्याकाळनंतर आरेच्या रस्त्यांवर गाड्या नेऊन प्रखर दिव्याचे झोत झाडीत टाकू लागले आहेत. मी राहते तिथून हे झोत दिसतात. आपल्यापैकी जे हे करत नाहीत त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही, पण जे करतात त्यांना तुम्ही ओळखता आणि तुमचे शब्द ते ऐकतील. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे तिच्यात आमिष दाखवणे आणि प्राण्याला हुसकावणे हेही येते, याची त्यांना आठवण द्या. आणि कायद्यापलीकडचे असे की, झोताने बिचकलेला बिबट्या ज्या दिशेला पळतो तिथे बहुतेक वेळा कोणाचे तरी घर असते. २०२२ च्या दिवाळीत पहाटेच्या वेळी आरेत एक अगदी लहान मुलगी बिबट्याच्या हल्ल्यात गेली. बिबट्याच्या शेजाराची किंमत तिथे राहणारे मोजतात. पाहायला येणारे रात्री आपापल्या इमारतीत परततात.

या शेजाराची पाड्यांतली जुनी समज आपल्या सहलीत सांगितली जात नाही, किंवा सांगितली तर मोडूनतोडून सांगितली जाते. आमच्या मार्गदर्शकाने शेंदूर लावलेल्या एका शिळेकडे बोट दाखवून “हे लोक घाबरून वाघाची पूजा करतात” एवढेच सांगितले, आणि दोन मुली त्या शिळेला टेकून फोटो काढू लागल्या. तो वाघोबा होता. वारली आणि इतर आदिवासींमध्ये वाघोबाचे स्थान भीतीपेक्षा नात्याचे आहे. त्याला वर्षातून ठरलेल्या वेळी मान द्यायचा आणि त्याने माणसांना व गुरांना सांभाळायचे, असा तो करार आहे. अश्विन वद्य द्वादशीला आपण शहरात वसुबारस करतो, त्याच दिवशी पाड्यांत वाघबारस होते. पट्टेरी वाघ या भागातून कधीच नाहीसा झाला, तरी बिबट्यालाही ‘वाघ’च म्हणतात आणि करार त्याच्याशी पुढे चालू आहे. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर भागांतल्या वाघोबाच्या दीडशेहून अधिक देवस्थानांची नोंद करणारा संशोधकांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि माणूस व बिबट्या यांना एका जागी राहता यावे यात या श्रद्धेचा हातभार आहे असे त्यात मांडले आहे. म्हणजे जगभरच्या वन्यजीव अभ्यासकांना जिच्याकडून शिकण्यासारखे वाटते, ती गोष्ट आपण ‘घाबरून पूजा’ या दोन शब्दांत उरकतो. वाघबारशीला पाहुणे न्यायचे की नाही, हे पाड्याने सांगावे. बोलावले तर जावे, न बोलावले तर त्या दिवसाची सहल ठेवू नये.

चित्रांच्या बाबतीतही हेच. जेवणानंतर आम्हाला तपकिरी कागद आणि पांढरा रंग देऊन ‘वारली चित्र’ काढायला बसवले. “दोन त्रिकोण जोडले की माणूस” हे मुलांना आवडते आणि त्यात वावगे काही नाही. पण सांगायचे तर पूर्ण सांगावे. हे चित्र मुळात लग्नाचे आहे. भिंत शेणाने किंवा गेरूने सारवून, तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीचे टोक चावून केलेल्या कुंचल्याने सवाशिणी चौक, म्हणजे लग्नाचे चौकोनी देवचित्र, लिहीत. चौकात पालघट देवी बसते, आणि ढवळेरी म्हटली जाणारी बाई गाणी म्हणत लग्न लावते. बायकांच्या हातचे हे लेखन १९७० च्या दशकात कागदावर आले, पुरुषही चित्रे काढू लागले, आणि डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ते जगभर पोहोचवले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. वारली चित्रकलेला आता भौगोलिक मानांकनही आहे. अर्धा तास चित्राला द्यायचाच असेल तर तो पाड्यातल्या चित्र काढणाऱ्या बाईंना शिकवायला द्या, शिकवण्याचे पैसे द्या, आणि तयार टी-शर्ट बाहेरून आणून पाड्याच्या नावाने विकू नका.

आणखी एक लहानशी, पण मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट. उद्यानात आणि आरेत राहणारे सगळे आदिवासी वारली नाहीत. मल्हार कोळी आहेत, कोकणा आहेत, कातकरी आहेत. चित्र प्रसिद्ध झाले म्हणून सरसकट सर्वांना वारली म्हणणे म्हणजे गोरेगावात राहणाऱ्या प्रत्येकाला एकाच आडनावाने हाक मारण्यासारखे आहे. विचारले की लोक सांगतात, विचारावे मात्र लागते.

तारप्याविषयी बोलायचे तर त्या दिवशी नाचाच्या आधी बसमध्येच स्पीकरवर तारप्याची ध्वनिफीत लावली होती. मग प्रत्यक्ष वाजवणारा आला. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानाचा कर्णा असे ते वाद्य त्याने तोंडाला लावले. एकमेकांच्या कमरेला हात घालून नाचणारे त्याच्याभोवती वेढा घेत गेले. नाचताना तारप्याकडे पाठ करायची नसते, ही गोष्ट मला आधी ऐकून माहीत होती, त्या दिवशी ती डोळ्यांनी दिसली. आमच्यातले काही उत्साही पाहुणे मध्येच त्या साखळीत शिरले आणि तारप्याकडे पाठ करून फोनकडे तोंड करून उभे राहिले. वाजवणाऱ्याने दोन वेळा जागा बदलली, तिसऱ्यांदा थांबला. मार्गदर्शकाने “चालू ठेवा, चालू ठेवा” म्हटल्यावर तो पुन्हा वाजवू लागला. नाचण्याआधी एक मिनिट कोणी आम्हाला रीत सांगितली असती, तर बहुतेकांनी ती आनंदाने पाळली असती. भाताच्या सुगीशी जोडलेला हा नाच वर्षभर कोणत्याही रविवारी मागवता यावा का, हा प्रश्नही मी त्या वाजवणाऱ्याला विचारू इच्छित होते, पण तोवर बस निघाली होती.

कान्हेरीला आपण दिलेला पाऊण तास पुरेसा नाही एवढेच सांगते. तिथे शंभरावर लेणी आहेत, पण आम्हाला तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहातल्या उंच बुद्धमूर्तींपाशी नेऊन परत आणले. मला वाटते की मुलांना मूर्तींच्या बरोबरीने पाणी दाखवावे. डोंगरावर पडणारा पाऊस खडकात कोरलेल्या पन्हळींतून लेण्यालेण्याच्या पोढीत, म्हणजे पाण्याच्या टाक्यात, उतरवला आहे, आणि शिलालेखांत या पोढ्या कोणी दान दिल्या ते लिहिले आहे. दात्यांमध्ये कल्याण आणि सोपाऱ्याचे व्यापारी आहेत. एवढ्या मोठ्या विहाराची तहान त्यावर भागत होती. त्याच डोंगररांगेच्या पाण्यावर पुढे १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला, आणि आजही मुंबईला त्यांतून पाणी येते. हे सारे ऐकून पाड्यावर गेलो असतो, तर तिथे हंडे घेऊन उतारावरून येणाऱ्या दोन बायका आमच्यापैकी प्रत्येकाला वेगळ्या दिसल्या असत्या. शहराचे पाणी जिथे साठते, तिथल्या घरात ते डोक्यावरून येत होते.

आता आपली बाजू. मी त्या सहलीनंतर आयोजकांशी फोनवर बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले याबद्दल मी त्यांची आभारी आहे. ते म्हणाले की पाड्यातली माणसे सकाळी कामावर जातात, वेळेवर येतील याचा भरवसा नसतो, सगळ्यांना बोलता येत नाही, आणि आम्ही गेलो नाही तर हे हजार रुपयेही त्यांना मिळणार नाहीत. शेवटचा मुद्दा मला पटला नाही, पण पहिले तीन खरे आहेत आणि त्यांवर उपाय करता येतो. माणसे कामावर जातात, कारण रोजचा खाडा परवडत नाही. वाटाड्याचे पैसे त्या दिवसाच्या रोजाहून कमी असतील तर कोण येईल? आपल्या शहरातल्या मार्गदर्शकाला जेवढे मानधन मिळते तेवढे पाड्यातल्या वाटाड्याला द्या, सहल पावसामुळे रद्द झाली तर अर्धे तरी द्या, आणि महिन्याच्या तारखा आधी कळवा. मग भरवशाचा प्रश्न किती उरतो ते पाहू. बोलता येत नाही असे ज्यांच्याविषयी म्हटले जाते, ती माणसे मी तासन्‌तास बोलताना ऐकली आहेत. चोवीस जणांच्या घोळक्यापुढे ओरडून बोलणे त्यांना जमत नाही, हे खरे. दहा-बारा जणांचा गट केला की ते बोलतात, आणि आपला प्रशिक्षित मार्गदर्शक बरोबर असेलच. एकाने पक्ष्याचे शास्त्रीय नाव सांगावे, दुसऱ्याने त्या पक्ष्याची हाक ऐकून कोणते झाड पिकले आहे ते सांगावे.

पाड्यांतली तरुण मुले आज महाविद्यालयात शिकतात. त्यांतल्या काहींना हे काम मनापासून करायचे आहे, काहींना अजिबात नको आहे, आणि दोन्ही इच्छांचा मान राखायला हवा. ज्यांना करायचे आहे त्यांनी जीन्स घालून वाट दाखवली म्हणून ते कमी आदिवासी ठरत नाहीत. आमच्या सहलीत नाचणाऱ्या एका मुलाला आयोजकांच्या माणसाने शर्ट काढून ठेवायला सांगितले, कारण फोटोत ‘खरे’ दिसावे. हे मी स्वतः ऐकले. कृपा करून असे पुन्हा करू नका.

मी मागत आहे ते फार नाही. पुढच्या हंगामाच्या आधी, आपण ज्या ज्या पाड्यावर लोकांना नेता तिथे एकदा रिकाम्या हाताने जा, म्हणजे पाहुणे न घेता जा. आरेत २७ पाडे आहेत, उद्यानात आणि येऊरकडे आणखी आहेत, प्रत्येकाचे म्हणणे वेगळे असेल. संध्याकाळी, सगळे घरी असताना जा. बायकांनाही बोलवा, कारण दारात उभे राहायची वेळ त्यांच्यावर येते. कोणत्या दिवशी यावे, किती जणांनी यावे, कोणत्या घरी जावे आणि कोणत्या नाही, फोटो चालेल की नाही, काय दाखवावेसे वाटते, किती पैसे हवेत हे त्यांनी सांगावे आणि आपण लिहून घ्यावे. एखादा पाडा नको म्हणाला तर तो विषय तिथे संपला असे समजावे. त्यांच्याशी ठरलेली रक्कम आपल्या पावतीवर स्वतंत्र ओळीत छापा. माझ्यासारखे सहलीला येणारे शंभर-दोनशे रुपये जास्त आनंदाने देतील, फक्त ते कोणाकडे जातात हे आम्हाला दिसू द्या.

वनखात्याला वेगळे पत्र लिहिण्याचा माझा विचार आहे, म्हणून परवान्यांचा विषय इथे काढत नाही. २०११ मध्ये उद्यानाने अभ्यासक आणि सामान्य मुंबईकरांना एकत्र आणून बिबट्याविषयी ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला होता. त्यातून शहराची बिबट्याकडे पाहण्याची नजर बरीच बदलली, हे मी शाळेतल्या मुलांमध्ये पाहिले आहे. आधी मुले “पकडून लांब सोडा” म्हणत. नंतर तीच मुले घरच्यांना कचरा उघड्यावर टाकू नका असे सांगू लागली. आपल्या सहलींना दर रविवारी किती मुले येतात, याचा विचार केला तर आपल्या हातात केवढे काम आहे हे मी वेगळे सांगायला नको.

२०२४ च्या पावसाळ्यानंतर उद्यानात कारवी फुलली होती. आठ वर्षांनी एकदाच ती फुलते, आणि फुलून गेली की मरते. त्या जांभळ्या उतारांसमोर फोटो काढायला अर्धी मुंबई आली होती. कारवीच्या वाळलेल्या काठ्यांना माती आणि शेण लिंपून पाड्यातल्या घरांचे कुड होतात, हे त्या गर्दीत किती जणांना माहीत होते? आमच्या मार्गदर्शकाने पडदा बाजूला करून दाखवलेली भिंत तीच होती. भिंत दाखवायला घरात डोकावण्याची गरज नव्हती, आजींना विचारले असते तर त्यांनीच अंगणात बसून काठी कशी निवडायची ते सांगितले असते. त्या मुलीनेही कदाचित पुस्तक मिटले नसते.

ताईंशी माझे या पत्राविषयी बोलणे झाले आहे. त्यांच्या पाड्यातल्या चार जणी आणि दोन मुले वाटाडे म्हणून यायला तयार आहेत, आणि कोणी आयोजक भेटायला येणार असेल तर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, संध्याकाळी सातनंतर, आलेले बरे असे त्यांनी सांगितले आहे. त्यानंतर पाऊस सुरू होतो आणि त्या शेवळांच्या मागे असतात. ज्यांना यायचे असेल त्यांच्याबरोबर मीही येईन.

आपली,
गोरेगावची एक निवृत्त शिक्षिका